फळीवरची दुसरी खूण

१

प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांना त्या पिवळ्या पुडीतून काय काय मिळणार होतं, याचा हिशेब तपासनीस बाईंनी जिना चढता चढताच मांडला. पहिल्या मजल्यापर्यंत मानमरातब झाला. परिषदांची बोलावणी, गळ्यात हार, आणि आजवर ओळख न दाखवणाऱ्यांची लगट. दुसऱ्या मजल्यापर्यंत नवी इमारत उभी राहिली. तिसऱ्या मजल्यावर धाप लागली तेव्हा एकच रक्कम शिल्लक होती आणि ती सगळ्यांत मोठी होती. निवृत्तीला टेकलेल्या माणसाला, आपला जन्म अगदीच पाण्यात गेला नाही असं वाटणं.

'एवढं मिळणार असेल तर हा माणूस बाटली चोरायचा नाही,' बाई मनाशी म्हणाल्या. 'चोरीला गेली तर दडवून ठेवील मात्र.'

आणि झालं होतं तसंच. बाटली गेली त्याला चार दिवस उलटले होते. चार दिवस सरांनी स्वतः कपाटं उपसली, कचऱ्याचे डबे पालथे घातले, पहारेकऱ्याला फैलावर घेतलं, आणि पाचव्या दिवशी, आता गत्यंतर नाही असं पाहून, प्रयोगशाळेचा खर्च उचलणाऱ्या न्यासाला कळवलं. न्यासानं बाईंना धाडलं. न्यासाच्या सगळ्या संस्थांत बाईंना मागून 'वजाबाकी' म्हणत, कारण त्या येऊन गेल्या की काही ना काही कमी झालेलं असायचं. कधी खर्च, कधी माणूस. बाईंना हे नाव ठाऊक होतं. 'भागाकार' म्हणत नाहीत हे काय कमी, असं त्या म्हणायच्या.

"बाटली केवढी होती?" खुर्चीत बसता बसता त्यांनी विचारलं.

"एवढी." सरांनी वीत दाखवली. "तपकिरी काचेची. उजेड लागला की द्रव्य बिघडतं. आत सालीचा शुद्ध केलेला अर्क, पूड करून. अख्ख्या हंगामाची मेहनत!"

"आणि बाहेर विकायला गेलं तर?"

"कोण घेणार? नुसती पूड घेऊन काही होत नाही हो, बाई." सर शिकवायच्या सुरात शिरले. "फुप्फुसाच्या कर्करोगावर गोळी आहे. ती लागू पडते, पण काही काळानं पेशी शहाण्या होतात. औषध आत आलं रे आलं की होडीत शिरलेलं पाणी उपसावं तसं बाहेर टाकतात. आमच्या सालीतलं द्रव्य पेशींचा हात धरून ठेवतं. उपसणं थांबलं की तीच गोळी पुन्हा काम करते. म्हणजे पूड एकटी कुचकामी. गोळीबरोबर मात्र सोनं."

"सोनं किती टक्के?"

सरांचे डोळे चमकले. "आधी बेताचंच होतं. पण गेल्या दोन महिन्यांत तिप्पट! दुसऱ्या प्रयोगशाळेचा माणूस पडताळणीसाठी बाटली न्यायला येणार होता. त्याच्या आदल्या संध्याकाळी ती गेली."

बाईंनी बाटलीची जागा बघायला मागितली. अर्कखोलीच्या कोपऱ्यात काळ्या दाराचं कपाट होतं. वरची फळी रिकामी, तिच्यावर धुळीचा पातळ थर. थरात बाटलीच्या बुडाची एक स्वच्छ गोल खूण होती. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शेजारीच तेवढ्याच मापाची दुसरी गोल खूण होती, तिच्यावर धूळ बसायला लागलेली.

"सर, बाटली एकच गेली म्हणालात ना?"

"एकच."

"मग इथं दोन का बसल्या होत्या?"



२

पेशीवाली पोरगी तिशीच्या आतली होती. काचेच्या दाराआड कर्करोगाच्या पेशी वाढवायच्या, त्यांना खायला घालायचं, मग औषध घालून मारायचं, हे तिचं काम. "कसायाचा धंदा," ती म्हणाली, "फक्त बकऱ्या दिसत नाहीत."

"तुला यातून काय मिळणार होतं?"

"पदवी. आणि आईचं 'कधी संपणार गं तुझं' बंद झालं असतं ते वेगळंच."

"म्हणजे बाटली गेल्यानं तुझं नुकसान."

"नुकसान?" पोरगी म्हणाली. "खरं सांगू का बाई, मला सुटल्यासारखं झालं."

बाईंनी स्टूल जवळ ओढलं.

"आकडे फार चांगले यायला लागले होते," पोरगी म्हणाली. "आधी अर्क घातला की गोळीचा जोर थोडा वाढायचा. मग एकदम असा वाढला की मलाच खरं वाटेना. मी सरांना म्हटलं, नुसता अर्क घालून बघू या का, गोळीशिवाय? ते म्हणाले, घरात लक्ष्मी आली की तिला कुठून आलीस म्हणून विचारतेस का? मग मीही नाही विचारलं. मलाही लक्ष्मी नकोशी नव्हती."

"पेशींना गोळी देता ती कुठली?"

"रुग्ण घेतात तीच. आमच्याकडे तिची शुद्ध पूड येते. मध्यंतरी उंदरांवर करायचं ठरलं, तेव्हा औषध आणि अर्क निम्मं-निम्मं मिसळून ठेवलं होतं. परवानगीच आली नाही. ते मिश्रण पडून राहिलं आणि मग..." तिनं खांदे उडवले. "अर्कवाले काकांना विचारा. इथली सुईसुद्धा त्यांना विचारून हरवते."

"आज दिसत नाहीत ते?"

"आहेत की. पण सारखे उठून जातात. पोट बिघडलंय म्हणे." ती हसली. "आणि तोंड बघा त्यांचं! ऐन पन्नाशीत तारुण्यपिटिका. आम्ही म्हणतो, काका, उशिरा का होईना, गाडी आली."

३

अर्कवाले काका न्यासाचे लाडके होते. साली वाटून, उकळून, गाळून अर्क काढण्यात त्यांची हयात गेली होती, आणि इतक्या वर्षांत त्यांनी काही म्हणून फेकलं नव्हतं. त्यांच्या मोरीवर न्यासानं लावलेली 'काहीही वाया घालवू नये' ही पाटी होती आणि खाली तिचं पालन. साबणाच्या झिजलेल्या चिपा एकमेकींवर दाबून केलेली एक चितकबरी वडी. गाळणीचे कागद धुऊन दोरीवर वाळत टाकलेले. टेबलावर एका तपकिरी बाटलीत पेन्सिलींचे तुकडे, काही इतके बुटके की धरायला चिमटा लागावा.

"या बाई, बसा." काका स्वतः उभेच राहिले. त्यांच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना, कपाळावर आणि सदऱ्याच्या गळ्यातून दिसणाऱ्या छातीवर बारीक लाल पुळ्या होत्या. "बघू नका हो. साबण बाधला."

"कुठला साबण?"

"सगळेच," काका म्हणाले, आणि बाईंना हसू आवरेना.

काका बोलायला लागले की थांबत नसत. साल कुठल्या उताराची, कुठल्या ऋतूत काढलेली, हे आपण वासावरून सांगतो. अर्क उतरला की नाही हे यंत्राआधी आपली जीभ सांगते. "सर म्हणतात चाखू नका. अहो, स्वयंपाकी चाखल्याशिवाय वाढतो का? कडू, मग जराशी तुरट, मग जिभेच्या टोकाला मुंग्या. अशी चव लागली की डोळे मिटून सही करावी."

"त्या फळीवर दुसरी बाटली होती का हो?"

"असेल. जुनी, उरलीसुरली. मी सगळं एकात एक करून ठेवतो. जागा अडते ना उगाच."

"आणि चोरी कुणी केली असेल?"

काकांची जीभ इतका वेळ भरधाव चालली होती ती खट्कन अडली. "मी काय सांगणार? मी गरीब माणूस." मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "मी जरा घरी जाऊन येऊ का? ताईला बरं नाही. माझी मोठी बहीण. तिचीच तर गोळी चालू आहे."

"कसली गोळी?"

काकांनी काचेच्या दाराकडे बोट दाखवलं. पलीकडे पेशीवाली पोरगी आपल्या बशा सारख्या करत होती.

"हीच," ते म्हणाले.

४

चोर कळला होता. बाई काकांच्या मागोमाग निघाल्या त्या चोरासाठी नव्हे, बाटलीसाठी. वाटेत काका औषधाच्या दुकानात शिरले. बाईंनी पत्ता आधीच विचारून ठेवला होता; त्या सरळ पुढे गेल्या.

किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. ताईंनी दार उघडलं आणि चौकटीला धरूनच उभ्या राहिल्या. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले, पण जीभ जागेवर.

"धाकट्याच्या कचेरीतल्या? या. तो मेला कुठं कडमडलाय कोण जाणे. बसा त्या शिलाईयंत्राच्या स्टुलावर. जन्मभर शिवणाचे वर्ग घेतले हो मी. विडीला हात लावला नाही, धूर खाल्ला तो इस्त्रीचा. तरी हा रोग मलाच शोधत आला. पत्ता चुकला असणार."

बाई बसल्या, पण त्यांचं लक्ष बोलण्याकडे नव्हतं. ताईंच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना, कपाळावर आणि गळ्याखाली लाल पुळ्या होत्या. तशाच, त्याच जागी. फक्त दाट, आणि काही फुटून खपली धरलेल्या.

"हे? हे गोळीचं," ताई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, पुरळ आलं म्हणजे गोळी लागू पडतेय. आधी चार-दोनच पुळ्या होत्या. या आठवड्यात नुसता उत्सव मांडलाय."

"तुमच्या भावालाही आलंय."

"हो ना! मी म्हटलं, मेल्या, माझा रोग सोडून बाकी सगळं उचल." त्या हसल्या आणि हसता हसता खोकल्या. "लहानपणापासून असाच. दोन डबे अर्धे दिसले की एकात ओतणार. एकदा साखरेत मीठ ओतून ठेवलं होतं त्यानं. दोन्ही पांढरं! आईनं त्यातलाच चहा केला."

बाईंनी उशाजवळचं गोळ्यांचं पाकीट उचललं. प्रत्येक गोळीखाली वार छापलेला होता. आजपर्यंतचे खळगे रिकामे, उद्यापासूनचे भरलेले. एकही गोळी इकडची तिकडे नव्हती. म्हणजे भाऊ बहिणीच्या गोळ्या खात नव्हता.

मग गोळीचं पुरळ त्याच्या तोंडावर आलं कुठून?

आणि एकाएकी बाईंच्या डोक्यात ती फळी उभी राहिली, फळीवरची दुसरी, धुळकटलेली खूण उभी राहिली, आणि पेन्सिलींचे बुटके तुकडे ज्यात होते ती तपकिरी बाटलीही.

"ताई," त्यांचा आवाज बदलला, "भाऊ तुम्हाला कसली पूड देतो का?"

ताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "शक्तीची. रोज सकाळी, गोळीबरोबर. आज पाचवा दिवस."

"आणि पोट?"

"ते विचारू नका," ताई म्हणाल्या, आणि उठायला गेल्या तर उठता येईना.

५

काका क्षार-साखरेची पाकिटं घेऊन जिना चढून आले तेव्हा बाई रुग्णालयाशी फोनवर बोलत होत्या आणि पिवळ्या पुडीची बाटली त्यांच्या मांडीवर होती. ती साखरेच्या डब्यामागे सापडली होती.

काकांनी नाकारलं नाही. "घेतली मी. काय करू? ते परगावी नेणार होते. माझ्या बहिणीची गोळी थकायला लागलीय, आणि तिचा उतारा माझ्याच हातचा, माझ्याच कपाटात! तरी मी आंधळेपणा नाही केला, बाई. न्यायच्या आधी दोन आठवडे, कपाटात होती तेव्हाच, रोज चमचा-चमचा स्वतः घेतली. मला काही झालं असतं तर तिला दिली नसती."

"झालं की तुम्हाला. तोंडावर झालंय."

"तो साबण..."

"काका, छातीला कुणी तोंडाचा साबण लावतं का? हे पुरळ गोळीचं आहे. तुम्ही गोळी घेतली नाही. तुम्ही घेतली ती फक्त ही पूड. म्हणजे गोळी या पुडीत आहे."

"शक्य नाही! नुसती साल आहे हो ती. माझ्या हातांनी काढलेली."

"आणि तुमच्या टेबलावर पेन्सिली कशात ठेवल्यात?"

काकांनी हातातली पाकिटं जमिनीवर ठेवली.

"चिठ्ठी गळून पडली होती," ते म्हणाले. "पिवळीच होती. मी चाखली. कडू लागली, तुरट लागली, मुंग्या आल्या. म्हटलं मागच्या खेपेचीच उरलेली. वाया कशाला घालवायची? मोठ्या बाटलीत ओतली आणि रिकामी धुऊन घेतली."

"मुंग्या येणारच. निम्मी तुमचीच साल होती. उरलेली निम्मी उंदरांसाठीचं औषध."

"म्हणजे मी ताईला..."

"एका गोळीवर दुसरी. आणि वर अर्क, गोळीचा जोर वाढवणारा."

आतल्या खोलीतून ताईंचा आवाज आला, बारीक पण स्वच्छ. "त्याला ओरडू नका हो. आधी मला खाली न्या. मग हवं तर दोघी मिळून ओरडू."

६

दुसऱ्या दिवशी बाईंनी सरांना आणि पेशीवाल्या पोरीला समोर बसवून सगळं सांगितलं. रुग्णालयानं पूड तपासली होती. औषध निघालं होतं, चांगलं मूठभर. तिप्पट यशाचं गुपित तेवढंच होतं. पेशींचा हात कुणी धरला नव्हता, त्यांच्यावर जास्तीचं औषध पडत होतं.

"म्हणजे लबाडी कुणीच केली नाही," सर सुटकेनं म्हणाले.

"कुणीच नाही. फक्त हिनं एक प्रश्न विचारला होता. तुम्ही तो विचारू दिला नाहीत, आणि हिनं पुन्हा विचारला नाही. नुसता अर्क घालून एकदा पाहिला असता तर त्याच दिवशी कळलं असतं."

सरांनी चष्मा काढला.

"आणखी एक," बाई म्हणाल्या. "बाटली गेली त्याच दिवशी तुम्ही कळवलं असतंत तर ताईंच्या पोटात एकच चमचा गेला असता. पाच गेले. वरचे चार तुमच्या अब्रूच्या नावावर घाला."

सरांनी पडताळणीवाल्यांना पत्र स्वतःच्या हातानं लिहिलं. निष्कर्ष मागे घेतल्याचं, कारणासकट, आडपडदा न ठेवता. त्या पत्रानं बाईंच्या मनातलं त्यांचं खातं थोडं सुधारलं.

बाई रुग्णालयात गेल्या तेव्हा काका बाहेरच्या बाकावर बसले होते. पुरळ सुकत आलं होतं, माणूसही. ताईंचं यकृत सुजलं होतं आणि ते उतरेपर्यंत गोळी पूर्ण बंद होती.

"एक विचारू?" बाईंनी ताईंच्या खाटेशी बसत म्हटलं. "पूड बाधतेय हे तुमच्या लक्षात आलं नाही?"

"दुसऱ्याच दिवशी आलं."

"मग?"

"चमचा पुढं करताना त्याचं तोंड बघितलंत का तुम्ही? इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो मला काहीतरी देऊ शकत होता. आता नको कसं म्हणायचं?" मग त्या हसल्या. "तो खारट चहा झाला होता ना, तेव्हा बाकीच्यांनी पहिल्याच घोटाला कप खाली ठेवले. बाबा विचारायला लागले, कुणी केलं हे. मी माझा कप संपवला आणि म्हटलं, काय झालं? मला तर बरा लागतोय. त्याचा मार वाचला."

"त्याला ठाऊक आहे हे?"

"छे! सांगू नका हं."

निघताना बाई प्रयोगशाळेत गेल्या आणि मोरीवरची न्यासाची पाटी उपटली. ती हातात धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या, कारण टाकायची कुठं हे सुचेना. शेवटी पिशवीत घालून घरी नेली.

हंगाम सरता सरता हिशेब पुरा झाला. सरांची परिषदांची बोलावणी गेली, इमारत गेली. ते ठरल्या दिवशी, हाराशिवाय निवृत्त झाले. पेशीवाल्या पोरीनं सगळं मुळापासून पुन्हा केलं. नव्या सालीचा, निखळ अर्क, आणि यावेळी सगळ्यांत आधी गोळीशिवाय. साल खरी निघाली. गोळीचा जोर ती वाढवत होती, पण चिमटीएवढाच. पोरीला त्या चिमटीवर पदवी मिळाली, उशिरा, आणि आईची बोलणी तोवर चालूच राहिली. सालीचं मात्र वाईट झालं. आता तिचं नाव काढलं की लोक गालात हसत. न्यासाचा पैसा बुडाला, तो न्यासाला परवडणारा होता. अर्कवाल्या काकांची नोकरी गेली आणि जिभेवरचा विश्वासही. आता ते मीठसुद्धा डब्यावरची चिठ्ठी वाचून घालतात.

ताईंची गोळी महिन्याभरानं पुन्हा सुरू झाली, निम्म्या मापानं. मधल्या काळात गाठीनं, आधी सोडलेली बोटभर जागा परत घेतली होती. डॉक्टर म्हणाले, बघू. ताई म्हणाल्या, बघा.

बाईंनी बेरीज दोनदा तपासली. या चुकीची किंमत सगळ्यांनी मिळून भरली त्याहून ताईंनी एकटीनं जास्त भरली होती, आणि पावती मागायला आली नाही ती तेवढीच एक.